गॅस संपला होता

अहो,

त्या दिवशी मी काहीच बोलले नव्हते. तुम्हाला ठाऊक होतं की नाही, हे मला ठाऊक नव्हतं, आणि तेच विचारायचं राहून गेलं.

परवा पेपरात तुमचा फोटो आला. काळ्या कोटातला, पांढरी पट्टी थोडी वाकडी. मनीषानं मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, मला वाचता येतं. ती म्हणाली, "मले माहित आहे ना मामी, पण तुमच्या डोळ्यात पानी आहे." आपली सून फैजपूरची असल्यामुळे ती मला सासूबाई न म्हणता मामीच म्हणते. पेपरात तुमचं सगळं होतं. गावची शाळा, धुळ्याला वकिली शिकलात, जळगावच्या कोर्टात नाव काढलंत, एकदा आमदार झालात. शेवटी असं छापलं होतं की, पत्नीच्या एका शब्दावर त्यांनी मंत्रिपद नाकारलं.

मनीषा थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. "कोन्ता शब्द हो, मामी?"

मी उठून चहा टाकायला गेले.

काल वकील मंडळी आली होती. रविवारी बाररूममध्ये सभा आहे. मी स्टेजवर बसायचं आणि जमलं तर दोन शब्द बोलायचे. बोलायचं तर सोडाच, सगळे तो एक शब्द, तो एक शब्द म्हणणार आणि मी खाली मान घालून ऐकणार. तो शब्द मी उच्चारलाच नव्हता. तुमचं मंत्रिपद कशानं गेलं? माझ्या हातानं, की गॅसच्या टाकीनं, की तुमच्या मनानं? रविवारच्या आत मला हे कळायला हवं होतं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "पुरावा काय शे?"

म्हणून पहिल्यापासून मांडते. तुम्हीच शिकवलंत, आधी घडलेलं सांगायचं, मत मागून.

लग्न झाल्यावर आपण दोन खोल्यांत राहायचो. मी तुमच्यासमोर तोंड उघडत नव्हते. तुम्ही वकील आणि मी चौथी पास. माहेरी कुणी मला बोलायला शिकवलं नव्हतं, गप्प बसायला मात्र सगळ्यांनी शिकवलं होतं. तुमची पहिली मोठी केस विहिरीच्या पाण्याची होती, दोन चुलतभावांची. संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत मोठ्यानं बोलत होतात, आपल्या अहिराणीत. म्हणायचात की जे अहिराणीत सांगता येत नाही ते आपल्यालाच नीट कळलेलं नसतं. मी कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या भाकरी थापत होते. एका ठिकाणी माझा हात थांबला. तुम्हीही थांबलात.

"काय व्हयनं?"

"काही नही."

"तुना हात कसा थांबना?"

मी मान खाली घातली. तुम्ही तोच मुद्दा परत दुसऱ्या तऱ्हेनं सांगितलात. माझा हात चालू झाला. तुम्ही खूश.

तेव्हापासून ते आपलं कोर्टच झालं. थाप थाप चालू आहे तोवर तुमचं बरोबर, थांबली की चुकलं. तुम्ही मला "जज्जसाहेब" म्हणायला लागलात आणि मी पदर तोंडाला लावून हसायची. तुमची एक पद्धत होती. आधी समोरच्या वकिलाची बाजू मांडायची, आणि ती अगदी जीव तोडून. पहिल्या भाकरीपासून निम्म्या परातीपर्यंत समोरची बाजू आणि मग आपली. मी एकदा म्हटलं, "दुसरानी बाजू इतली चांगली कसाले सांगतस तुम्ही?" तुम्ही म्हणालात, "ती ऐकीसन तुना हात चालू राहिना, तर समज मी हारनू. मंग माले जास्त अभ्यास करना पडी."

खरं सांगू का? माझा हात थांबायचा तेव्हा पुष्कळदा मला नुसतं समजलेलं नसायचं. कधी पीठ कोरडं पडायचं. कधी तव्यावरच्या भाकरीकडे बघायला लागायचं. तुम्ही मात्र प्रत्येक थांबण्याला निकाल धरायचात. मला गंमत वाटायची. इतका शिकलेला माणूस माझ्या हाताकडे डोळे लावून बसतो, असं मनात यायचं आणि मी अजून जरा जोरात थापायची.

मला तुमचं खरं कोर्ट बघायचं होतं. न विचारता एकदा आले. आठवतं? शेजारच्या काकूंबरोबर मागच्या बाकावर बसले होते. तुम्ही छान बोलत होतात. मला सगळं कळलं असं नाही, पण आवाज तोच, स्वयंपाकघरातला. मग तुमची नजर माझ्यावर पडली आणि तुम्ही अडखळलात. एक कागद दोनदा चाळलात. पुढची तारीख मागितलीत. मला वाटलं, मी आले म्हणून रागावलात. घरी आल्यावर तुम्ही टोपी खुंटीला लावली आणि हसत सुटलात.

"आते तठे येऊ नको बरं का."

"कसाले? मी काय करं?"

"तुना हात मांडीवर तसाच पडेल व्हता. माले वाटनं मी हारनू."

मी परत कधी कोर्टात आले नाही. तुमची बाकीची सगळी वकिली मी भाकरीवरून ओळखली. कोण जिंकलं, कोण हरलं, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. म्हणायचात, घरचा निकाल लागला की माझ्यापुरतं संपलं. किती लोकांची भांडणं मी अर्धी ऐकली! त्या चुलतभावांना पाणी मिळालं का? ती शिंदखेड्याची बाई, जिच्या नवऱ्यानं तिचं नाव उताऱ्यावरून काढलं होतं, तिचं काय झालं? आता तुम्ही नाहीत तर हे सगळे लोक माझ्या मनात उभे आहेत, तारीख पडल्यासारखे.

मग तुम्ही निवडणुकीला उभे राहिलात. घरात माणसंच माणसं. तुमची बहीण अक्का पातेल्यानं चहा करायची आणि मी आतल्या खोलीत. निवडून आलात त्या दिवशी गुलालानं उंबरा लाल झाला होता. कुणीतरी हार माझ्या गळ्यात घालायला आलं, तर मी मोरीत जाऊन कडी लावली. तुम्ही बाहेरून दार वाजवून म्हणालात, "जज्जसाहेब, लोक गया. या बाहेर."

मुंबईला अधिवेशन असलं की तुम्ही आमदार निवासात राहायचात. तुमच्या खोलीत साक्रीकडचे हिलालनाना होते. नाना जन्मात कुणाचं ऐकून घेणारे नव्हते, त्यामुळे त्यांच्यासमोर भाषणाची तयारी करायची सोय नव्हती. मग तुम्ही बैठकीतला फोन लांब वायर जोडून स्वयंपाकघरापर्यंत आणून दिलात. संध्याकाळी तुमचा फोन यायचा. मी रिसीव्हर कानाशी धरून वरून पदर घट्ट बांधायची आणि दोन्ही हातांनी भाकरी थापायची. तुम्ही तिकडून विधानसभेतलं भाषण म्हणायचात, मी इकडून थाप थाप. नाना मागून ओरडायचे ते मला ऐकू यायचं, "वकील, बाईकोशी बोली राहिना का भाकर खाई राहिना?"

आता त्या संध्याकाळचं.

सरकार जाणार आणि दुसरं येणार, अशी हवा होती. तिकडच्यांना आणखी काही आमदार हवे होते. तुम्ही गेलात तर राज्यमंत्री करणार होते. अक्का तर आधीच लाल दिव्याच्या गाडीत बसली होती. तुमचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच.

"आयकी राहिनी ना?"

"हं."

तुम्ही सुरुवात केलीत. आपल्या उपसा सिंचनाचे पाइप उन्हात पडून आहेत, मंत्री झालो तर पाणी येईल. विरोधात बसून माणूस फक्त ओरडतो, लोकांनी ओरडायला निवडून दिलं नाही. तालुक्याच्या कोर्टाचं छत गळतं, पक्षकार भिजत उभे राहतात, ते एका सहीनं होईल. मी थापत होते. तुम्ही म्हणालात, "आनि आखो एक गोट..." आणि शेगडीनं भस्स केलं. निळी ज्योत एकदा उडाली आणि विझली.

माझा हात थांबला. भाकरी तव्यावर अर्धी कच्ची. मी वाकून टाकी हलवून बघितली, अगदी हलकी. दुसरी टाकी शेजारी लग्नासाठी दिलेली. रॉकेलचा स्टो कुठं ठेवला ते आठवत होते. एवढ्यात कानात तुमचा आवाज आला.

"हात थांबना तुना."

मी वाकलेली. पदर सैल होऊन रिसीव्हर निसटत होता, तो धरेपर्यंत तुम्ही म्हणालात, "बरं. समजनं." आणि फोन ठेवलात. मला तिकडं फोन लावता येत नव्हता. फोन नेहमी तुमचाच यायचा.

दुसऱ्या दिवशी रेडिओवर तिकडं गेलेल्यांची नावं सांगितली. हिलालनाना गेले होते. तुम्ही गेला नव्हता.

मी रेडिओसमोर उभी होते तोच दारात गॅसची भरलेली टाकी आली. मी नंबर लावलाच नव्हता. आणणारा म्हणाला, "वरून सांगितलंय." आमदाराचं घर म्हणून देत असतील, असं मला वाटलं. त्या वेळी माझं लक्ष टाकीकडे कुठं होतं.

तुम्ही घरी आलात तर तुम्हाला गाठायला बाहेर लोक बसलेले. पक्षाचे, तिकडचे, पत्रकार. तुम्ही सगळ्यांना एकच सांगत होतात, "घरच्या कोर्टाचा निकाल लागला. अपील नाही." लोक हसायचे आणि उठून जायचे. तुम्ही जेवायला बसलात तेव्हा मी म्हटलं, "त्या दिनले ना, मना हात..." तुम्ही हात वर केलात. "निकालनी कारनं जज्जनी सांगानी नसतस." पुढे एकदा शेतात जाताना परत काढलं, तर तुम्ही कपाशीचं बोंड दाखवायला लागलात. मग मी गप्प झाले. मला वाटलं, जे झालं ते तुम्हाला आवडलंय, मी कशाला उकरू?

पण अक्का काही गप्प बसली नाही. माझ्याकडे बघून भाकरीचा तुकडा मोडायची आणि म्हणायची, "आम्हना भाऊना लाल दिवा या भाकरमां गया." पुढच्या वेळी तुम्हाला तिकीट मिळालं नाही, अपक्ष उभे राहिलात, पडलात. तेव्हाही तिनं तेच म्हटलं. तुम्ही काळा कोट झटकून परत कोर्टात जायला लागलात. पहिल्या दिवशी तुमच्या जागेवर दुसऱ्या वकिलाचं टेबल होतं. तुम्ही लिंबाखाली खुर्ची टाकून बसलात. पाटीवर "माजी आमदार" लिहू दिलं नाहीत. संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन म्हणालात, "हं, जज्जसाहेब, शेतना बांधनी केस शे." मला वाटतं, निवडून आलात तेव्हापेक्षाही त्या दिवशी तुम्ही जास्त खूश होतात. पण ते खरं होतं की मला वाईट वाटू नये म्हणून होतं, हे मी तेव्हापासून ताडून बघते आहे. उपसा सिंचनाचे पाइप पुढे गंजून गेले. बसमधून दिसायचे तेव्हा मी खिडकीतून तोंड फिरवायची.

आज दुपारी हिलालनाना आले.

तुम्ही दोघं त्यानंतर कोर्टाच्या आवारात भेटलात की नमस्कार करायचात, चहा मात्र घेत नव्हतात. आता काठी टेकत आले. तुमच्या फोटोसमोर बसले. मी नेहमीसारखी दाराआड. मनीषानं पाणी दिलं. मग नाना दाराकडे बघून म्हणाले, "वहिनी, आठे तरी समोर या. आते तो नही शे, मी कोनाशी भांडू?"

मी आले, भिंतीला टेकून उभी राहिले. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसाला मी आपणहून काही विचारलं.

"नाना, तो फोन... त्या येळले तुम्ही खोलीमां व्हतात ना?"

नानांनी काठी बाजूला ठेवली. "कोणता? गॅसना?"

मनीषा म्हणाली, "कोन्ता गॅस?"

नाना हसायला लागले. इतके हसले की डोळे पुसावे लागले. "पोरी, तुना सासरानी फोन ठेवा आनि हासना. मी म्हनं, काय व्हयनं, निकाल काय? तो म्हने, निकाल कसाना, तिना गॅस सरी गया. भस्स आसा आवाज उना. आनि लगेच दुसरा फोन जळगावले लावा. सकाळले मना घर टाकी पोचाडा म्हने, नही तर ती स्टोवर डोळा फोडी."

म्हणजे ती टाकी तुम्ही पाठवलीत. आणि मी इतकी वर्षं गॅस एजन्सीचे उपकार मानत बसले.

"मी त्याले सांगं," नाना म्हणाले, "मंग परत लाव फोन. तिले पुरं आयकाड. तो म्हने, नको. मी समोरनी बाजू मांडी राहिंतू, मनी बाजू आजून मांडीच नही. आनि यानं वजन तिनावर कसाले टाकू? यानं मालेच ठरावनं पडी."

जे पाइप, जे गळणारं छत, जे सगळं मी ऐकलं, ती समोरची बाजू होती. तुमचीच पद्धत, मला कशी आठवली नाही?

"मंग मनं नाव कसाले सांगं सगळासले?" मी विचारलं. आवाज जरा चढला असेल, कारण मनीषानं चमकून बघितलं.

"आहो, त्याले कोणी सोडी नही राहिंतं ना! तत्त्व म्हन्ता तर लोक वाद घालेत. पैसा कमी पडना का म्हनी इचारेत. बाईको नही म्हने आसं सांगं, तर बठ्ठा हासनात आनि उठी गयात." नानांनी काठी परत हातात घेतली. "माले बी तेच सांगं त्यानी, रेडिओवर मनं नाव उनं त्याना नंतर. मनासमोर खोटं बोलना. माले तो गॅस ठाऊक व्हता तरी. त्याना राग उना माले. तो राग आजलोंग राहिना."

जाताना नाना उंबऱ्यात थांबले आणि मला म्हणाले, "मी त्यासले हा म्हना त्याना पहिले तुम्हना गॅस सरता, तर मी बी घर फोन लाईसन कोनं तरी आयकी लेतू." मग गेले.

तर असं. वजन माझ्यावर नको म्हणून परत फोन केला नाहीत, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्याच नावाआड जाऊन उभे राहिलात. हे कसं काय, वकीलसाहेब? मला राग यायला हवा. अक्काचे सगळे टोमणे मी खाल्ले ना. राग आला थोडा, तुमच्या फोटोकडे बघून आला, पण ती टाकी मध्ये येते. मुंबईत सरकार पडत होतं आणि तुम्ही माझ्या शेगडीचा आवाज ऐकलात.

मग मला एक बघावंसं वाटलं. मनीषा बाहेर गेल्यावर मी पीठ काढलं, परात घेतली, तवा ठेवला. भाकरी थापायला लागले आणि तुमचं त्या दिवसाचं बोलणं मीच मोठ्यानं म्हटलं, जसं आठवतं तसं. उपसा सिंचन. ओरडायला निवडून दिलं नाही. कोर्टाचं छत, भिजणारे पक्षकार. स्वतःचा आवाज रिकाम्या स्वयंपाकघरात ऐकून लाज वाटली, पण म्हटलं सगळं. गॅस भरलेला होता, पीठ ओलसर होतं, दारात कुणी नव्हतं. या वेळी थांबायला दुसरं कारण नको होतं.

माझा हात थांबला नाही.

म्हणजे त्या दिवशी टाकी भरलेली असती, तर थाप थाप तशीच चालू राहिली असती. माझ्या हातानं तुम्हाला जा म्हटलं असतं. पेपरवाल्यांनी जे छापलं त्याच्या अगदी उलट. आणि तुम्ही तरीही गेला नसता, असं मला आज वाटतं. मग तुम्ही तुमची बाजू मांडली असती, मला पटली नसती, मी पाइपांचं पाणी धरून बसले असते. आपलं खरंखुरं भांडण झालं असतं, दोन्हीकडून बोलून. ते भांडण मला करायचं होतं. त्याच्यासाठी मी तोंड उघडलं असतं.

रविवारी सभेला मी जाईन. स्टेजवर बसेन. दोन शब्द बोला म्हणाले ना, तेवढेच बोलेन. गॅस संपला. पुढचं मनीषा समजावून सांगेल, तिला आता ठाऊक आहे. नाही म्हणणारे तुम्ही होतात, हे तुमच्या माणसांना कळू दे. अक्का पुढच्या रांगेत असेल, तिलाही कळू दे.

परातीत एका भाकरीचं पीठ ठेवलं आहे, ओल्या फडक्याखाली. समोरची बाजू ऐकून झाली. आता तुमची मांडा.